चार बाय सहा

बोद्धूल बाईंनी हातात कागद दिला.
वर अधोरेखित : आपला देश, एका दृष्टिक्षेपात.
भिंत चार बाय सहा. मजुरी चौरस फुटाला बावीस.
मी म्हटलं, बसतोय की बाई देश,
फक्त अक्षर बारीक होईल.

या भिंतीवरचा आधीचा देश वडलांचा.
मी तेव्हा रेघांपुरता :
निळीतला दोरा ताणून धरायचा
आणि मधोमध एक टिचकी.
सरळ रेघ तेवढी माझी, बाकी सगळं त्यांचं.

आता पोपडे आलेत.
चलनातला ‘या’ गळून ‘रुप’ उरलंय.
राजधानीच्या नेमक्या जागी कुणी खिळा ठोकून
घंटेचा टोल अडकवलाय.
पत्र्याने खरवडायला घेतलं
तर लोकसंख्या आधी सुटली, दहा आकडी,
तिच्याखाली आणखी एक, दहाच आकडी,
अगदी तळाला, चुन्याला धरून, नऊ.
वडील जुना आकडा कधी खरवडत नसत.
वरून पांढरा हात मारला की झालं.

नवा काय घालू?
बाई म्हणाल्या, ते अजून यायचंय.
जागा सोडा.
किती सोडू, दहाची की अकराची?
बाई हसल्या. मोजायला त्यांनाही जायचंय,
दत्तनगरच्या चार गल्ल्या, उन्हातान्हात,
शाळा सुटल्यावर.
शाळेचा पट एकोणतीस.
तो त्यांना न मोजता पाठ आहे.

शासनप्रकार : संसदीय लोकशाही.
हे अक्षर मला सरावाचं.
याच शाळेच्या दोन नंबरच्या खोलीवर
दर खेपेला मीच लिहितो
मतदान केंद्र, बाण, आत, बाहेर.
मागच्या बाणांचे पैसे
अजून कुठल्या तरी फायलीत आत आहेत,
बाहेर आले नाहीत.

दहा वाजताच रंग कुंचल्यात घट्ट व्हायला लागला.
सोलापूरचा एप्रिल. टर्पेंटाइनसुद्धा तहानलेलं.
कुंपणापलीकडे नरसव्वा,
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू,
नजर माझ्या हाताकडे आणि बोटं आपल्या कामाला.
वाच की रे मोठ्यानं, काय लिवलंस.
वाचलं. मुख्य व्यवसाय : शेती.
आणि?
आणि नाही. कागदात एवढंच.
तिने दोरा दातांनी तोडला.
हजार विड्या दिल्या की शंभर छाट काढतो कारखान्यात,
ते कशात धरतात मग?
नवऱ्याचा माग गेल्या दिवाळीत किलोवर गेला,
त्या भंगाराचं वजन कुठल्या रकान्यात?
मला काय विचारते, मी रंगारी.
तरी बाईंना विचारलं.
बाई कागदाकडे बघत राहिल्या,
मग म्हणाल्या, शेतीपुढे जरा जागा आहे का हो?
होती. ‘विडी, कापड’ मावलं.
‘कापड’मधला ड खालच्या ओळीला टेकतोय,
जाणकाराला दिसेल.

पंधरा दिवसांनी पैशाला गेलो
तर सोडलेल्या जागेत खडूने, वाकडं, २९.
त्यावर काट. शेजारी २८.
कोण गेलं?
तिसरीतला श्रीशैल. भिवंडीला. बाप तिथं माग चालवणार,
दुसऱ्याचा.
दाखला अजून इथेच आहे, बाई म्हणाल्या,
न्यायला कुणी आलं नाही,
तो नेमका कुठला मोजायचा?

मग बिल बघितलं त्यांनी.
चोवीस फूट, पाचशे अठ्ठावीस.
मोकळ्या जागेचेपण धरलेत का हो, पेंटर?
धरलेत बाई.
अक्षराला हात आपोआप चालतो.
काहीच लिहायचं नसलेली चौकट
कडेने सरळ ठेवायला
श्वास रोखून बसावं लागतं.